मे महिन्यात काय वाचावं

लष्करात, दौलतगंजच्या एका बोळात, पहिल्या मजल्यावर
आमचं वाचनालय. सकाळी सात ते दहा.
मग मी लोखंडी जाळी ओढून घेते.
दुपार इथे कुणाचीच नसते.

दर एप्रिलच्या शेवटी फळ्यावर लिहिते:
उन्हाळ्यात काय वाचावं.
नावं लिहीत नाही. नावं लोक विसरतात,
पुठ्ठ्याचा रंग लक्षात ठेवतात,
आणि आपल्याआधी कोणी नेलं होतं ते.

ज्यांचा कूलर खडखडतो त्यांनी निळी कादंबरी न्यावी,
तिच्यातली माणसं मोठ्यानं बोलतात.
ज्यांच्याकडे पुण्याची नातवंडं येणार, त्यांनी कथा.
एका कथेत एक खरबूज चिरून होतं.
मोतीबिंदू काढलेल्यांनी कविता:
पानावर मोकळी जागा पुष्कळ, वर्गणी तेवढीच.
आणि ज्याला गच्चीवर पाणी शिंपडूनही झोप येत नाही
त्यानं माझ्याकडे यावं.
ते फळ्यावर लिहिता येत नाही.

दोन वर्षांपूर्वी हिंगोलीहून प्रणिता डोईफोडे आल्या.
वय चौतीस, दोन कादंबऱ्या, पायात कॅनव्हासचे बूट.
संध्याकाळी सातला लेखिकेशी गप्पा.
खुर्च्या चाळीस मांडल्या. माणसं अकरा,
त्यातली दोन कूलरसाठी.
मी प्रश्न पोस्टकार्डावर उतरवून ठेवले होते, क्रमांक घालून.
तिसऱ्या प्रश्नाला वीज गेली.
माइक गेला. कूलर थोडा वेळ स्वतःशीच गुरगुरला, मग तोही.
ओल्या वाळ्याचा वास तेवढा राहिला.

बाई म्हणाल्या, बरं झालं.
आता तुम्ही सांगा, तुम्ही कसं वाचता?

फडणीसबाई म्हणाल्या, मी शेवट आधी वाचते,
माणूस जगतो का बघते, मगच घरी नेते.
बी.कॉम.चा एक मुलगा म्हणाला,
मी आजोबांना वाचून दाखवतो.
अर्थ ते सांगतात. माझ्या 'च' ला हसतात.
मग बराच वेळ कोणी काही बोललं नाही
आणि इंगळे उठले.
श्योपूरच्या छोट्या गाडीवर एकतीस वर्षं गार्ड.
प्रश्न नव्हताच त्यांचा.
ताई, उद्या किल्ल्यावर पाचच्या आधी जाऊ नका. लपट लागेल.
काय लागेल?
लपट.
म्हणजे झळ?
झळ तुमच्याकडे. इथे लपट लागते.

कोणीतरी मोबाईलचा उजेड धरला.
बाईंनी वहीत तो एक शब्द लिहिला
आणि त्याखाली रेघ ओढली.
मला वाटलं, पाहुण्या अशाच लिहून घेतात.

यंदा मार्चमध्ये नवी कादंबरी पोस्टानं आली, सही करून.
इंगळ्यांनी पहिल्याच दिवशी नेली.
तेरा दिवस ठेवली.
परत आणली तेव्हा बोलले काही नाहीत,
टेबलावर पान एकशे सात उघडून ठेवलं.
छापलं होतं: तिसऱ्या प्रहरी लपट आली.
'आली' वर पेन्सिलीची बारीक काट.
बाजूला, गाडीच्या वेळा लिहाव्या तशा अक्षरात:
लागली.

पुस्तकात लिहिल्यास दहा रुपये दंड.
पाटी माझ्याच हातची आहे.
दहाची नोट त्याच पानात घालून ठेवली होती त्यांनी.

मी हिंगोलीला फोन लावला.
बाई खूप हसल्या, मग गप्प झाल्या.
म्हणाल्या, विचाराल का त्यांना, आणखी कुठे चुकलंय?
विचारलं.
इंगळे जिना उतरत होते, कठडा धरून, एकेक पायरी.
म्हणाले, चुकलंय तर. गाडी एवढी वेळेवर कधीच नव्हती.
माणसं मात्र बरोबर आहेत.

तर यंदा फळ्यावर एकच शिफारस.
पुस्तक दुकानातही मिळेल, पण ते घेऊ नका.
आमची प्रत न्या.
सध्या ती बी.कॉम.च्या मुलाकडे आहे,
म्हणजे आजोबांकडे, म्हणजे वेळ लागणार.
तुमचा नंबर नववा.
डोक्याला पंचा बांधून या,
आणि जाळी ओढायच्या आत.